डोलकाठीचे तणावे

अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात उजव्या भिंतीवर एक जहाज रंगवलेले आहे. पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याच्या अवदानकथेतला तो प्रसंग. जहाजावर तीन डोलकाठ्या, त्यांवर उभट शिडे, मागच्या टोकाला सुकाणूची वल्ही आणि मांडून ठेवलेले रांजण. आयटीआयच्या दुसऱ्या वर्षी मित्रांबरोबर मी ते पहिल्यांदा पाहिले. वाटाड्या रांजणांविषयी सांगत होता आणि मी डोलकाठ्यांकडे बघत होतो. एवढ्या उंच काठ्या, त्यांवर वारा भरलेली शिडे, आणि खाली एका जागी न ठरणारे जहाज. मग या काठ्या उभ्या कशा राहत असतील?

हा प्रश्न मला पडला, कारण माझे वडील मंडप घालायचे काम करत. लग्नसराईत मीही त्यांच्या हाताखाली असे. मंडपाचा खांब खड्ड्यामुळे उभा राहत नाही, तो तणाव्यांमुळे उभा राहतो, हे ज्ञान मला शाळेच्या आधी मिळाले. वादळ आले की वडील खांब धरायला धावत नसत. ते खुंट्यांकडे धावत. पण मंडपाच्या तणाव्याला हवी तेवढी जमीन मिळते. खांबापासून दहा-बारा फुटांवर खुंटी ठोकली की झाले. जहाजाला ही सोय नाही. तिथे सगळी जमीन जहाजाच्या रुंदीएवढीच.

आमच्या छत्रपती संभाजीनगरहून समुद्र रस्त्याने तीनशे किलोमीटरहून दूर. तरी तो प्रश्न माझ्याबरोबर राहिला. पुढे वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली आणि माझा संबंध क्रेनच्या वायर रोपशी आला. एके दिवशी भार उचलताना रोप तुटला. भार क्षमतेच्या निम्माही नव्हता. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या सहकाऱ्याची दोन बोटे गेली. तुटलेले टोक मी नंतर हातात घेऊन पाहिले. रोप मधोमध तुटला नव्हता. जिथे तो क्लॅम्पमध्ये शिरत होता, अगदी त्याच ओठावर तुटला होता. बऱ्याच तारांची टोके जुनी, काळवंडलेली होती. म्हणजे त्या आदल्या दिवशी किंवा आदल्या महिन्यातच तुटल्या होत्या. त्या दिवसापासून तारेविषयी जे मिळेल ते वाचत आणि वहीत उतरवत आलो. या लेखातले बरेचसे त्या वह्यांतून आले आहे.

तणावा म्हणजे काय

शिडाच्या होडीवर दोन प्रकारचे दोर असतात. काही दोर शीड चढवायला, उतरवायला, वळवायला लागतात. ते सतत फिरत असतात. दुसरे दोर एकदा बांधले की जागचे हलत नाहीत. त्यांचे काम एकच, डोलकाठी उभी ठेवणे. या दुसऱ्या प्रकाराला मी इथे ‘तणावा’ म्हणणार आहे. तंबूच्या दोराला मराठीत हाच शब्द आहे आणि कामही तेच आहे. होडीला एक पुढचा तणावा असतो, बहुधा एक मागचा असतो, आणि दोन्ही बाजूंना एकेक किंवा दोन-दोन.

पूर्वी हे तणावे काथ्याचे किंवा तागासारख्या धाग्यांचे असत. लोखंडी तारांचा पीळदार दोर १८३४ साली जर्मनीतल्या हार्झ डोंगरातल्या खाणींसाठी विल्हेल्म आल्बर्ट या अधिकाऱ्याने केला. खाणीतून तो पुढे जहाजांवर आला. वनस्पतिजन्य दोर ओला झाला की एक वागतो, वाळला की दुसरे, आणि ओढ आली की लांबतो. पोलादाने हा त्रास पुष्कळ कमी केला.

आता त्या अरुंद जमिनीचा हिशेब पाहू. मंडपाचा तणावा खांबाशी ४५ अंशांचा कोन करत असेल, तर खांबाच्या डोक्यावर १ किलोची आडवी ओढ आली की तणाव्यात सुमारे १.४ किलो ओढ येते. लहान होडीत बाजूचा तणावा डोलकाठीशी १० ते १२ अंशांचाच कोन करतो. कोन १० अंशांचा धरला, तर तेवढ्याच आडव्या ओढीसाठी तारेत पावणेसहा किलोंच्या आसपास ओढ येते. म्हणून डोलकाठीच्या मध्यावर आडव्या दांड्या बसवून तार बाहेर ढकलतात, म्हणजे वरचा कोन थोडा रुंद होतो. आणि तार जेवढी वर ओढते तेवढीच ती डोलकाठीला खाली दाबते. होडीची डोलकाठी वाऱ्याने मोडण्याआधी दाबाने वाकते. तणावे तिला सर्व बाजूंनी सरळ धरतात म्हणूनच ती एवढी सडपातळ असूनही तो दाब सोसते.

पाच की सहा?

तीन वर्षांपूर्वी मुंबईहून भाच्याचा फोन आला. त्याने दोन मित्रांबरोबर भागीत एक जुनी शिडाची होडी घेतली होती. लांबी सात मीटर, वजन दीड टन. “मामा, तणावे बदलायचे आहेत. आत्ता पाच मिलिमीटरची तार आहे. दुकानदार म्हणतो, सहाची घ्या, मजबुती वाढेल. तुम्ही आयुष्यभर वायर रोप बघितलेत, तुम्हीच सांगा.” पावसाळ्यानंतर मुरुडपर्यंत जायचा त्यांचा बेत होता आणि त्याची दहा वर्षांची मुलगीही बरोबर जाणार होती. मी म्हटले, “थांब. आधी हिशेब करू, मग तार घेऊ.”

पहिली गोष्ट जी मला स्वतःलाही उशिरा कळली ती ही : तणाव्यावर जास्तीत जास्त किती ओढ येईल, हे मुख्यतः वारा ठरवत नाही, होडी ठरवते. वारा वाढला की होडी कलते, कलली की शिडातून वारा निसटतो. होडी स्वतःला सरळ करायला जेवढा जोर लावू शकते, तेवढीच ओढ तारेत येऊ शकते. म्हणून हिशेब होडीच्या त्या जोरापासून सुरू करतात, आणि होडी ३० अंश कललेली धरतात.

भाच्याच्या होडीसाठी मी असा हिशेब मांडला. वजन १,५०० किलो. ३० अंशांना वजनाचा मध्य आणि पाण्याच्या उचलीचा मध्य यांत अंतर सुमारे ०.४ मीटर. गुणाकार ६०० किलो-मीटर. डोलकाठीपासून बाजूच्या तणाव्याच्या पट्टीपर्यंतचे अंतर १.१ मीटर. ६०० भागिले १.१, म्हणजे सुमारे ५४५ किलो. लाटांच्या धक्क्यांसाठी दीडपट केले की सुमारे ८२० किलो. ही सगळी ओढ एकाच तारेवर आली असे धरून आणखी अडीचपट राखीव ठेवली, तर तार तुटण्याची क्षमता साधारण दोन टन हवी.

आता तार. तणाव्यांसाठी १×१९ ही रचना वापरतात : मधे एक तार, तिच्याभोवती सहा, त्यांच्याभोवती बारा, अशा एकोणीस जाड तारांची एकच लड. ७×७ मध्ये ४९ तारा असतात, ७×१९ मध्ये १३३. तारा जितक्या बारीक आणि जास्त, तितका दोर लवचीक आणि तितकाच जास्त लांबणारा. कप्पीवरून फिरणाऱ्या दोराला लवचीकपणा हवा. तणावा कप्पीवरून जात नाही, त्याला फक्त न लांबणे हवे. आमच्या क्रेनचे ६×३६ जातीचे रोप डोलकाठीला लावले तर ते तुटणार नाहीत, पण डोलकाठी डुलत राहील.

१×१९ रचनेची ४ मिलिमीटरची स्टेनलेस तार सव्वा ते दीड टनाच्या दरम्यान तुटते. ५ मिलिमीटरची दोन टनांच्या थोडी पुढेमागे. ६ मिलिमीटरची तीन टनांच्या जवळ. ताकद छेदाच्या क्षेत्रफळावर असते, म्हणून पाचाची सहा केली की ती सव्वापटीपेक्षा जास्त, जवळजवळ दीडपट होते. भाच्याच्या होडीला पाच मिलिमीटर हेच उत्तर होते. होडी आखणाऱ्याने ते आधीच काढून ठेवले होते.

मग सहाची घेतली तर बिघडले काय? तार साखळीतली एकच कडी आहे. तिच्या टोकाचे बसवण, त्यातली पिन, टर्नबकल, आणि होडीच्या अंगात रोवलेली पोलादी पट्टी, हे सगळे पाचाच्या मापाचे. तार जाड केली की तुटण्याची जागा फक्त पुढे सरकते, आणि बहुतेक वेळा ती डोळ्यांआड, लाकडाच्या किंवा फायबरच्या पोटात जाते. शिवाय वरचे वजन वाढते. वर वाढलेला प्रत्येक किलो होडीला कलायला मदत करतो. भाच्याला मी सांगितले, “पाचच घे. पण कुठली ते नीट बघून घे.”

स्टेनलेसच्या दोन जाती बाजारात सहज मिळतात, ३०४ आणि ३१६. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते, आणि खाऱ्या पाण्यात पडणारे खड्डे त्यामुळे कमी होतात. ३०४ ताकदीला कमी नाही, पण समुद्रावर ती लवकर खराब होते. दुकानात काही जण लोहचुंबक लावून जात ओळखून दाखवतात. त्यावर विश्वास ठेवू नये. थंड अवस्थेत खेचून काढलेली स्टेनलेस तार थोडी चुंबकाला लागतेच. त्यावरून ३०४ की ३१६ हे कळत नाही. कारखान्याचे प्रमाणपत्र मागणे हा एकच मार्ग.

किती ताणायचे

तार विकत घेणे सोपे, ताणणे अवघड. इथे दोन समज पक्के रुजलेले असतात. एक, कमी ताणले तर तारेला आराम मिळतो. दोन, तारेवर टिचकी मारून सूर बरोबर वाटला की झाले. दुसऱ्या समजाचा घोटाळा असा की सूर तारेच्या लांबीवर आणि जाडीवरही बदलतो. पहिला समज मात्र धोक्याचा आहे.

दोन रबर घ्या. त्यांची एकेक टोके एका पेन्सिलीला बांधा आणि दुसरी टोके विरुद्ध बाजूंना खिळ्यांना अडकवा. दोन्ही रबर आधीच ताणलेले असतील, तर पेन्सिल डावीकडे ढकलताना उजवा रबर आणखी ताणला जातो आणि डावा सैल होतो. दोघेही मिळून विरोध करतात. आता दोन्ही रबर सुरुवातीला नुसते लोंबते ठेवा. पेन्सिल काही अंतर फुकट सरकते, आणि मग एकच रबर एका झटक्यात काम अंगावर घेतो. होडीत हेच होते. आधी ताणलेल्या दोन बाजूंच्या तारा डोलकाठीला जवळजवळ दुप्पट घट्ट धरतात, जोवर वाऱ्याआडची तार पूर्ण सैल होत नाही तोवर. ती सैल झाली की प्रत्येक लाटेला डोलकाठी हिसका देते आणि ती सैल तार टोकाशी इकडून तिकडे वाकत राहते. एका दिवसात अशा हजारो लाटा येतात. आमच्या क्रेनचा रोप जसा क्लॅम्पच्या ओठावर तुटला, तशी तार टोकाच्या ओठावर एकेक करून तुटू लागते.

म्हणून बाजूचे मुख्य तणावे होडी शांत उभी असतानाच तुटण्याच्या क्षमतेच्या १५ ते २० टक्क्यांपर्यंत ताणतात. पाच मिलिमीटरच्या तारेला म्हणजे ३०० ते ४०० किलो. हा आकडा ऐकून भाचा दचकला होता.

हे मोजायला महागडे यंत्र लागत नाही. १×१९ स्टेनलेस तारेचा एक सोपा नियम आहे : दोन मीटर लांबीत तार १ मिलिमीटर लांबली, की तिच्यात तुटण्याच्या क्षमतेच्या ५ टक्के ओढ आली. तीन मिलिमीटर म्हणजे १५ टक्के, चार म्हणजे २०. गंमत अशी की तार चार मिलिमीटरची असो वा दहाची, नियम तोच. कारण लांबणे ठरते छेदाच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर किती ओढ आहे यावर, आणि तुटण्याची क्षमताही त्याच छेदाच्या प्रमाणात वाढते. दोन्हीकडून जाडी गळून जाते.

आम्ही वारा नसलेली सकाळ निवडली. सुताराची दोन मीटरची घडीची पट्टी तारेला वरच्या टोकाला चिकटपट्टीने पक्की केली, खालचे टोक मोकळे ठेवले आणि तार जेमतेम सरळ असताना तिथे खूण केली. मग टर्नबकल फिरवत गेलो. आधी डोलकाठीच्या माथ्यावरून आलेल्या दोराने दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांपर्यंतचे अंतर मोजून ती मधोमध आहे ना ते पाहिले. मग डावीकडे दोन फेरे, उजवीकडे दोन फेरे, पुन्हा डावीकडे दोन. एका बाजूला एकदम पिळले की डोलकाठी वाकते. खालच्या छोट्या तारा नंतर, आणि थोड्या कमी. खूण तीन मिलिमीटर सरकली तिथे थांबलो.

खरी परीक्षा पाण्यावर. होडी २० अंशांच्या आसपास कलली असता वाऱ्याआडच्या तणाव्याला हात लावायचा. ओढ जवळजवळ संपलेली चालेल, पण तो लोंबता कामा नये. लोंबत असेल तर त्यालाच अर्धा फेरा द्यायचा, होडी वळवायची आणि दुसऱ्या बाजूला तितकाच. मग डोलकाठीच्या मागच्या खाचेला डोळा लावून वर बघायचे. रेषा एका बाजूला झुकलेली दिसली तर मधल्या तारा कमी-जास्त करायच्या. शेवटी प्रत्येक टर्नबकलमध्ये स्प्लिट पिन घालायची. ती विसरली तर लाटांच्या हादऱ्याने टर्नबकल आपोआप उलगडतो.

जास्त ताणले तर? होडीचे दोन्ही काठ आत आणि वर ओढले जातात, बुडाला डोलकाठी खाली दाबते, आणि होडी केळ्यासारखी वाकू लागते. त्याची पहिली खूण पुष्कळदा घरगुती असते : खोलीचे दार चौकटीत अडकते. उन्हाचीही मला भीती होती, कारण ॲल्युमिनियमची डोलकाठी पोलादी तारेपेक्षा जास्त फुगते. हिशेब केला तर दहा मीटर उंचीला वीस अंश तापमानफरकाने दोघांत दीड मिलिमीटरही फरक पडत नाही. म्हणजे ओढीत एक-दीड टक्का. ती भीती मी वहीत खोडून टाकली.

कापसाची परीक्षा

स्टेनलेसची अडचण अशी की ती दुखणे लपवते. जस्ताचा मुलामा दिलेली तार गंजली की लाल होऊन सांगते. स्टेनलेस तिच्या पृष्ठभागावरच्या पातळ थरामुळे टिकते, आणि तो थर टिकायला ऑक्सिजन लागतो. तार जिथे दाबून बसवलेल्या टोपणात शिरते तिथे खारे पाणी साचते, हवा पोचत नाही, आणि आतल्या आत खड्डे पडतात. बाहेर फक्त एक तपकिरी ओघळ दिसतो. म्हणून रोज समुद्रावर जाणाऱ्या होडीचे तणावे दहा-पंधरा वर्षांत, चांगले दिसत असले तरी, बदलतात. टोकाशी सांधा दोन्ही दिशांना वळू शकेल अशी कडीही हवी. नाहीतर सगळे वाकणे तारेच्या ओठावर येते.

तार तपासायची रीत मला आमच्या भागातल्या वस्तूने सोपी करून दिली. कापसाचा बोळा घ्यायचा आणि टोकापासून वर घासत न्यायचा. जिथे एखादी तार तुटून बाहेर आली असेल तिथे तंतू अडकतात. बोटाने हे कधीही करू नये. ते बोट फाटते. भाच्याच्या होडीवर डाव्या बाजूच्या खालच्या टोकाशी, टोपणापासून एक सेंटिमीटरवर, कापूस अडकला. एकोणीसपैकी एक तार तुटलेली होती. बाकी तणावा आरशासारखा चकाकत होता. ज्या दिवशी मी ते पाहिले त्या दिवशी मला पुन्हा ती दोन बोटे आठवली.

हिशेबाच्या पलीकडे

एवढे सगळे बरोबर केले तरी डोलकाठी कधी जात नाही, असे मी म्हणणार नाही. १९६८-६९ मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पहिल्यांदा पूर्ण केली, ३१२ दिवसांत. त्यांची ‘सुहैली’ ही ३२ फुटांची सागवानी होडी मुंबईत बांधलेली होती. तिच्याच नमुन्यावर गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत ‘तुरीया’ बांधली गेली. त्यांनीच त्याआधी ‘म्हादेई’ बांधली होती, जिच्यातून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत टॉमी ‘तुरीया’ घेऊन निघाले. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरात वादळाने होडी उलथवली, डोलकाठ्या मोडल्या आणि टॉमी यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर इजा झाली. त्याच वादळात ग्रेगर मॅकगकिन यांच्या होडीची डोलकाठीही गेली. २४ तारखेला ‘ओसिरिस’ या फ्रेंच गस्तीनौकेने टॉमी यांना वाचवले.

होडी उलथते तेव्हा मी वर मांडलेला हिशेब लागू पडत नाही. मग डोलकाठीवर हवा आदळत नाही, पाणी आदळते, आणि पाणी हवेपेक्षा आठशे पटीने जड. तेव्हा तणाव्यांचे काम उलटे होते : मोडलेली डोलकाठी त्यांना लटकून होडीच्या अंगावर आपटत राहते आणि ती भोक पाडण्याआधी तारा तोडाव्या लागतात. म्हणून लांब जाणाऱ्या होडीवर मोठा तारकातर हाताशी ठेवतात. टॉमी नंतर पुन्हा त्याच शर्यतीत उतरले आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसरे आले.

दांडेकर यांच्याच होडी इनोव्हेशन्स या संस्थेने अजिंठ्याच्या चित्रावरून पाचव्या शतकाच्या धर्तीचे, काथ्याने फळ्या शिवलेले जहाज बांधले. केरळचे बाबू शंकरन त्याचे मुख्य कारागीर. २१ मे २०२५ रोजी कारवारला ‘कौंडिण्य’ या नावाने ते नौदलात दाखल झाले. त्याची डोलकाठी आधुनिक साहित्य न वापरता उभी करायची असल्याने ती टिकेल का, याचा वेगळा अभ्यास नौदलाने केला. ती बातमी वाचली तेव्हा मी दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात पुन्हा जाऊन आलो. या वेळी भाच्याची मुलगी बरोबर होती.

मुरुडचा प्रवास झाला होता. तिने मला सांगितले, वाऱ्याआडची तार ती दर तासाला हात लावून बघत होती, आणि ती एकदाही लोंबली नाही.